मावळचा सुकामेवा

दिवाळीच्या आठवड्यात पुण्या-मुंबईच्या कोणत्याही पेठेत जा, सुकामेव्याच्या दुकानापुढे उभे राहायला जागा मिळत नाही. बदाम, पिस्ते, काजू, मनुका, जर्दाळू, अंजीर यांच्या पेट्या चकचकीत कागदात गुंडाळून या घरातून त्या घरात जात असतात. ‘सुकामेवा’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काबूल, इराण, अरबस्तान उभे राहते. त्यात नवल नाही, कारण शब्दाचा अर्धा भागच तिकडून आला आहे. ‘मेवा’ म्हणजे फारसीत फळ. पेटीतला काजू तेवढा आपल्या कोकणातला, आणि तोही मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलेला.

पण याच मराठीत दुसरा एक शब्द आहे: रानमेवा. करवंदे, जांभळे, बोरे, आवळे, चिंचा, रानातले रायवळ आंबे यांना आपण लाडाने रानमेवा म्हणतो. आता रानमेवा वाळला म्हणजे त्याचा सुकामेवा व्हायला हवा की नाही? तसे होत नाही. तो वाळला की त्याचे ‘वाळवण’ होते. एक पेटीत बसून भेटीला जातो, दुसरे बरणीत बसून माळ्यावर जाते. एकाला किंमत असते, दुसऱ्याला नुसते कष्ट असतात. हा भेद कसा पडला, हे शोधता शोधता मला मावळचा एक वेगळाच इतिहास दिसू लागला. तो आज वाचकांपुढे ठेवते.

मी मावळातल्या एका खेडेगावच्या शाळेत शिकवते आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा इतिहासाचार्यांच्या आसनावर मी बसू पाहते आहे, असे कोणी समजू नये. पण माझ्या वर्गातल्या पोरांच्या डब्यात भाकरीशेजारी आंबोशीचे लोणचे असते आणि फळ्यावर लोहगड कोणत्या साली कोणी घेतला हे लिहिलेले असते. सन १६६५ च्या पुरंदरच्या तहात लोहगड मोगलांना गेला, १६७० मध्ये परत आला, हे पोरे पाठ म्हणून दाखवतात. त्यांच्या पणज्यांच्या पणज्यांनी गडाखालच्या घरात चार महिन्यांचा पाऊस कशाच्या बळावर काढला, हे मात्र कोणत्याच इयत्तेत नाही.

*

सूर्य मावळतो ती बाजू म्हणजे मावळ, असा लोकांचा अर्थ. कार्ल्याच्या लेण्यातल्या शिलालेखात या मुलखाचे नाव ‘मामाल’ असे आहे आणि मावळ हा शब्द त्यावरूनच आला असावा, असे अभ्यासक सांगतात. गंमत अशी की सातवाहनांच्या काळी जिल्ह्याला ‘आहार’ म्हणत. म्हणजे आमच्या मुलखाचे जुने नाव मामाल-आहार! खाण्यापिण्याची गोष्ट सांगायला याहून चांगला शकुन कोणता?

या मुलखाचा सगळा संसार पावसाच्या हिशेबाने चालतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वासहाशे मीटर उंचीवर, अगदी घाटमाथ्यावर बसलेले. तिथे वर्षाला चार हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. तिथून जेमतेम पासष्ट किलोमीटर पूर्वेला पुणे. तिथे सातशे-साडेसातशे मिलिमीटर. मावळ या दोहोंच्या मध्ये. कार्ला, कामशेत, वडगाव, तळेगाव असे पूर्वेकडे येऊ लागले की पाऊस पायरीपायरीने उतरत जातो. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ या खोऱ्यांत मात्र मृग लागला की ओढे फुगत, वाटा बुडत, आणि एका वाडीचा माणूस दुसऱ्या वाडीला पंधरा-पंधरा दिवस दिसत नसे. घरात तांदूळ असे, नाचणी-वरई असे. रानात टाकळा, कुर्डूसारखी भाजी उगवे. पण आमटीला आंबट कुठून आणायचे? आजाऱ्याच्या तोंडाला चव कशाने आणायची? पोर दिवसभर घरात कोंडून ‘काहीतरी दे’ म्हणून भुणभुण करू लागले तर त्याच्या हातावर काय ठेवायचे?

याचे उत्तर उन्हाळ्यातच तयार करून ठेवावे लागे. आणि त्यात मोठी अडचण होती. ज्या अंगणात पाऊस सर्वांत जास्त, त्या अंगणाला वाळवणाची गरज सर्वांत जास्त आणि सवड सर्वांत कमी. वळिवाची एक सर अवेळी आली की आठवड्याची मेहनत चिखलात जाई.

*

फळे वाळवून ठेवण्याची मावळातली पहिली लेखी खूण कुठे शोधावी? मला ती लेण्यांत सापडते. भाज्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. कार्ल्याचे भव्य चैत्यगृह त्यानंतरचे. भिक्षू एरवी गावोगाव फिरत, पण पावसाळ्यात एका जागी राहण्याचा त्यांचा नियम होता. त्यालाच वर्षावास म्हणतात. कार्ल्याला तेव्हा वालुरक म्हणत. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी करजिक नावाचे गाव वालुरकच्या लेण्यांत वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी दिले, आणि देताना भिक्षू कुठला नि कोणत्या पंथाचा हे पाहिले नाही. हे सारे तिथल्या दगडावर कोरलेले आहे. पुढे सातवाहनांनी नहपानाचा पराभव केला, तरी गाव लेण्यांकडेच राहिले. राज्य बदलले, पण पावसात अडकलेल्या माणसाच्या पोटाची व्यवस्था बदलली नाही.

आता या भिक्षूंचा आहारनियम पाहा. पाली विनयात सांगितले आहे की भिक्षूने भिक्षेतले अन्न दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवू नये. तूप, लोणी, तेल, मध, गूळ ही आजारात घ्यायची, तीही सात दिवसांपर्यंतच जवळ बाळगायची. परंतु काही वस्तू त्याने औषध म्हणून आयुष्यभर जवळ ठेवल्या तरी दोष नाही. आणि त्या यादीत हिरडा, बेहडा नि आवळा ही फळे आहेत. ज्याला उद्याची भाकरीही साठवायची मनाई, त्याला हिरडा नि आवळा साठवायची मुभा! आणि ही फळे जन्मभर टिकायची तर ती वाळवूनच टिकणार. चरकसंहितेतल्या रसायनाच्या प्रकरणाचा आरंभही हिरडा नि आवळा यांच्याच नावाने होतो. कार्ल्या-भाज्याच्या डोंगरांच्या मागे सह्याद्रीच्या रानात ही झाडे आजही आहेत. त्यांच्याखाली उभे राहिले म्हणजे वाटते, आमच्या पोराला खोकला झाला की आजी त्याच्या दाढेखाली हिरड्याचा तुकडा ठेवते, तो या दगडी लेण्यांइतकाच जुना वारसा आहे.

*

लेण्यांतून आता घराच्या अंगणात येऊ. मावळच्या वाळवणाचे वर्ष चैत्रात सुरू होत नाही, ते दिवाळीनंतर सुरू होते. तुळशीच्या लग्नात ऊस, बोरे, चिंचा, आवळे वृंदावनापुढे ठेवतात, ते मला तरी येऊ घातलेल्या हंगामाचे मुहूर्त वाटतात. कार्तिकात पाऊस सरतो, आकाश धुतलेले असते, ऊन कोवळे पण भरवशाचे. आवळा तेव्हाच येतो. त्याच्या फोडी वाळवल्या की आवळकाठी. किसून, मीठ नि आल्याचा रस लावून वाळवला की आवळासुपारी. मार्गशीर्ष-पौषापासून बोरे, ती वाळली की कुटून बोरकूट. फाल्गुनात चिंचा: फोडायच्या, चिंचोके काढायचे, उन्ह द्यायचे, मीठ घालून गोळे करायचे. चैत्रात कैरी येते आणि अंगणाला खरा बहर येतो.

कैरी सोलून तिच्या पातळ फोडी करतात, मीठ लावून रात्रभर ठेवतात, सुटलेले पाणी काढून त्या खाटेवर किंवा धुवट कापडावर पसरतात. कोणी हळदही लावतात. हीच आंबोशी. दहा किलो कैऱ्या घेतल्या तर साल, कोय नि पाणी वजा जाता हाती येते ती किलो-सव्वा किलो. कुटली की तिचेच आमचूर. वैशाखात करवंदे: पिकलेली ताजी खायची, कच्ची मिठात मुरवून वाळवायची. पिकल्या रायवळ आंब्याचा रस ताटाला तूप लावून पातळ ओतायचा, एक थर वाळला की त्यावर दुसरा, ही आंबापोळी. फणस असेल तर फणसपोळी, आणि त्याच्या आठळ्या राखेत घोळून पावसाळ्यासाठी. जांभूळ मात्र अगदी पावसाच्या तोंडावर येते. त्याचा गर वाळवायला ऊन उरतच नाही; मग नुसत्या बिया वाळवून त्यांचे चूर्ण करायचे.

शेजारच्या एका म्हातारीला मी एकदा विचारले, “आजी, आंबोशी किती दिवस वाळवायची हो?”

“दिस मोजून काय करता, बाई?” आजी म्हणाल्या. “वाजंस्तोवर वाळवायची.”

आणि त्यांनी सूप हलवून दाखवले. ओली फोड सुपात गुपचूप घसरते. पुरती वाळलेली खडखड वाजते. शास्त्रज्ञ ज्याला फळातल्या पाण्याचे प्रमाण म्हणतात, ते आजींनी कानाने मोजले. पुढे पुस्तकांत वाचले तेव्हा एकेक रीत उलगडत गेली. ताज्या फळात शंभरातले ऐंशीहून अधिक भाग पाणी असते. बुरशीला जगायला हे पाणी लागते; ते पंधरा-वीस भागांवर आणले की बुरशी उपाशी मरते. मीठ फोडीतले पाणी बाहेर ओढते. आंबटपणा कुजवणाऱ्या जंतूंना पाय रोवू देत नाही. म्हणूनच आमच्या बायकांनी पिकल्या गोड फळापेक्षा कच्चे आंबट फळ वाळवण्यावर भर दिला. फोड जाड राहिली नि ऊन एकदम कडक मिळाले तर वरची कातडी टणक होते आणि आतला ओलावा आतच अडकतो. म्हणून पातळ चिरायचे, उलथेपालथे करायचे, आवळ्यासारख्या फळाला थोडी सावली द्यायची. सावलीत त्याचे जीवनसत्त्वही अधिक टिकते. संध्याकाळी वाळवण घरात घ्यायचे ते चोरांच्या भीतीने नव्हे, तर दव पडून दिवसभराची कमाई जाऊ नये म्हणून.

राखण करण्याचे काम पोरांचे. मे महिन्याच्या सुटीत हातात काठी घेऊन कावळे, कोंबड्या आणि लोणावळ्याकडची ती निर्लज्ज माकडे हाकलायची, हा मावळातल्या कित्येक पिढ्यांचा पहिला सरकारी हुद्दा! पगार म्हणून अर्धवट वाळलेली एखादी फोड मिळे. ती न सांगता घेतली तर अधिक गोड लागे, हे वाचकांना मी सांगायला नकोच.

*

फळ वाळवायला ऊन लागते, अंगण लागते, सवड लागते. पण सर्वांआधी झाड लागते. आणि झाड कोणाचे, या प्रश्नापाशी घरगुती इतिहास राज्याच्या इतिहासाला भिडतो.

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या, १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याचा विषय आहे. तिथे त्यांनी बजावले आहे की आंबा, फणस ही झाडे जहाजाच्या कामाची असली तरी त्यांना हात लावू नये. ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जुने होऊन निकामी झाले असेल, तर मालकाला राजी करून, मोबदला देऊनच तोडावे. जोरजबरदस्तीने तोडल्यास रयतेच्या दुःखाला पारावार राहत नाही, हे राज्य चालवणाऱ्याने लिहून ठेवले. आंब्याच्या झाडात घरची आंबोशी, घरची पोळी, घरच्या पोरांचा उन्हाळा आहे, हे त्या दरबारी माणसाला कळत होते.

आणि आंबा म्हणजे नुसता आंबा नव्हे. हापूस कलमाचा, पोर्तुगीज अमदानीत रुजलेल्या कलमांच्या कलेतून तो घडला. त्याचे एक झाड दुसऱ्यासारखेच असते. मावळचा रायवळ कोयीपासून उगवलेला. त्यातले प्रत्येक झाड वेगळे. म्हणून गावागावांत त्यांना माणसांसारखी नावे: खोबऱ्या, शेंदऱ्या, शेपू. कोणाची कैरी आंबोशीला चांगली, कोणाचा रस पोळीला दाट, कोणाचे फळ नुसते चोखायचे, हे घरातल्या बाईला ठाऊक. असे एक झाड पडले म्हणजे केवळ सावली जात नाही. त्या चवीचा जगातला एकुलता एक वंश बुडतो.

इंग्रज आले आणि झाडांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. १८७८ च्या वन कायद्याने रानाचे मोठे भाग सरकारी राखीव झाले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या रानात लोक फिरले, तिथे फळ वेचणे ही परवानगीची गोष्ट झाली. पुण्यातच राहणाऱ्या जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये नेमके याच दुखण्यावर बोट ठेवले आहे. तुटपुंजी शेती असलेली माणसे पूर्वी डोंगरातल्या उंबर-जांभळांची फळे खाऊन नि फुले, पाने, लाकूडफाटा विकून दिवस काढीत. जंगलखात्याने तो आधारच काढून घेतला, असे त्यांचे म्हणणे. आपण ‘रानमेवा’ म्हणून कौतुक करतो, तो एका वर्गाच्या ताटातला घास होता, हे फुल्यांनी ओळखले.

हिरड्याची कथा तर अधिक बोलकी आहे. हिरड्यात कातडे कमावायला लागणारे द्रव्य भरपूर असते. इंग्रजी अमलात तो विलायतेच्या चर्मोद्योगाकडे जहाजे भरभरून जाऊ लागला आणि आजीच्या गाठोड्यातले हे फळ एकाएकी सरकारी हिशेबाच्या वहीत आले. घाटमाथ्यावरचे महादेव कोळी, ठाकर, कातकरी उन्हाळ्यात कोवळी फळे झोडून, अंगणात काळी होईपर्यंत वाळवून व्यापाऱ्याला घालीत. तोच बाळहिरडा. ज्यावर कर बसतो किंवा ज्याचा लिलाव होतो, तेच कागदावर येते. आंबोशीवर कर बसला नाही, म्हणून आंबोशीचा इतिहास कोणी लिहिला नाही.

*

मग रेल्वे आली. बोरघाटातून गाडीवाट १८३० साली झाली होती. १८५६ मध्ये मुंबईहून रूळ घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला पोचले. १८५८ मध्ये वरून पुणे ते खंडाळा गाडी सुरू झाली. मधला घाट मात्र प्रवाशांनी पालखीत, तट्टावर किंवा पायी चढायचा. १८६३ साली घाटही जोडला गेला. या कामाचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये मरण पावला, तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुरे करवले. तिचे नाव इतिहासात राहिले, ते योग्यच झाले. डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहणाऱ्या बायकांची नावे कुठे नाहीत.

रेल्वेने मावळच्या वाळवणावर दोन बाजूंनी परिणाम केला. एक तर ताजे फळ पैसा देऊ लागले. गाडी थांबली की पानांच्या द्रोणांत करवंदे-जांभळे घेऊन बायका खिडकीशी येऊ लागल्या. आज विकले तर रोख हातात. वाळवून ठेवले तर आषाढात आमटीला चव. गरिबाने रोख निवडली, त्याला दोष कोण देईल? दुसरे असे की बाहेरचे फळ आत येऊ लागले. ज्याच्या खिशात पैसा, त्याला साठवणीचे काम उरले नाही.

याच रेल्वेच्या काठी लोणावळ्याने स्वतःचा एक टिकाऊ खाऊ घडवला. गूळ नि शेंगदाण्याची गुडदाणी घाटातल्या मजुरांच्या पोटाला आधार देई, असे लोणावळ्यात सांगतात. तीच पुढे चिक्की झाली. चिक्कीचे नि आंबोशीचे नाते लक्षात घेण्याजोगे आहे. दोन्ही पावसाळी हवेत टिकवायच्या वस्तू. एकीत गुळाचा पाक पाणी आटवतो, दुसरीत सूर्य. चिक्की गिऱ्हाइकाच्या वाटेवर जन्मली, म्हणून तिला दुकान मिळाले. आंबोशी माजघरात जन्मली, ती माळ्यावरच राहिली.

साऱ्या जगात थोडेफार असेच झाले. फ्रान्समध्ये निकोलस आपेर याने हवाबंद बाटलीत अन्न उकळून टिकवण्याची रीत १८१० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले, कारण ती सैन्याच्या नि आरमाराच्या उपयोगाची होती. स्वतंत्र भारतात १९५० साली म्हैसूरला अन्नतंत्र संशोधनाची केंद्रीय संस्था निघाली. आणि आपल्या सांगली-तासगावकडे द्राक्षे वाळवून बेदाणा करण्याचा उद्योग असा फोफावला की सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चार किलो द्राक्षांचा सुमारे एक किलो बेदाणा होतो. तत्त्व तेच, आजींच्या सुपातले. फक्त तिथे ऊन, शेड, द्रावण, बाजार आणि भांडवल एकत्र आले, आणि वाळवणाचा सुकामेवा झाला.

*

मावळच्या नशिबी मात्र पाणी आले. एरवी पाऊस चार महिन्यांनी परत जाई. हे पाणी परत जाण्यासाठी आले नव्हते. १९११ साली लोणावळ्यात टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाची कोनशिला बसली, १९१५ मध्ये खोपोलीला वीज झाली आणि मुंबईच्या गिरण्या तिच्यावर फिरू लागल्या. त्यामागोमाग आंदर मावळात धरण झाले. मग मुळशीची पाळी आली. तिथल्या मावळ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह मांडला. तो १९२४ पर्यंत चालला आणि हरला. पन्नासाच्या आसपास गावांच्या जमिनी गेल्या. आंबेमोहोराची खाचरे बुडाली, हे सर्वत्र लिहिलेले आहे. त्या खाचरांच्या बांधांवरचे आंबेही त्यांच्याबरोबर गेले. १९७० च्या दशकाच्या आरंभी पवना धरण भरले आणि पवन मावळातही तेच झाले.

वीज वाईट, पाणी वाईट असे म्हणण्याइतकी मी भाबडी नाही. ज्या दिव्याखाली हा लेख लिहिते, तो तिच्याच कृपेने जळतो. पण नुकसानभरपाईचा हिशेब शेताचा होतो, घराचा होतो, कधी झाडाचाही होतो. बुडालेल्या खोबऱ्याची कैरी आंबोशीला किती चांगली होती, याचा हिशेब कोणत्या दप्तरात होणार? ज्या बाईला आपल्या गावातली तीस झाडे नावानिशी ठाऊक होती, ती दुसऱ्या गावी जाऊन बसली म्हणजे तिची विद्या एका दिवसात निरक्षर होते.

पुढे २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला. शहर दोन तासांवर आले आणि डोंगरउतारांचे प्लॉट पडू लागले. त्यात झाडे गेली, ती कुणाच्या वैराने गेली असे नाही. कुंपणाच्या रेषेत आली म्हणून गेली. अंगणाच्या जागी फरसबंदी आली. धाकट्या सुनेला नोकरीवर जायचे असते. दुपारी दोनदा फोडी उलथायला घरी कोण? झाड, अंगण, ऊन नि सवड या चार खांबांपैकी ऊन तेवढे जागेवर राहिले आहे, आणि वळिवाच्या लहरीपुढे त्याचाही फारसा भरवसा उरलेला नाही.

तरीही मी निराश होऊन लिहीत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानातले गौण उत्पन्न गोळा करण्याचा, वापरण्याचा नि विकण्याचा वनवासींचा हक्क मान्य केला आहे. फुल्यांनी जे दुखणे मांडले, त्यावर सव्वाशे वर्षांनी का होईना, कायद्याचे औषध निघाले. आता जाळीचा नि काचेचा सोलर ड्रायर मिळतो. त्यात वळिवाची भीती नाही, माशी नाही, माकडही नाही. बचत गटांच्या बायका आंबोशी, आवळासुपारी पिशव्यांत भरून विकू लागल्या आहेत. पिशवीवर किंमत छापली, की घरातले पुरुषही त्या कामाला काम म्हणू लागतात, हा माझा अनुभव.

वाचकांपाशी दोनच मागण्या आहेत. हा अंक हाती येईल त्यानंतर पंधरवड्यात बाजारात आवळे मुबलक येतील. किलोभर घ्या. धुऊन, पुसून, किसून, किलोला तीन-चार चहाचे चमचे मीठ नि थोडा आल्याचा रस लावा, आणि पातळ कापडाखाली हवेशीर जागी पसरा. सदनिकेच्या खिडकीतही हे होते. रोज हलवा, रात्री आत घ्या, आणि वाजू लागला की कोरड्या काचेच्या बरणीत भरा. घरातल्या पोरांना राखणीला बसवा; थोडी चोरी झाली तर तिकडे काणाडोळा करा.

दुसरी मागणी ज्यांनी आमच्याकडे प्लॉट घेतले आहेत त्यांच्यापाशी. कुंपणाच्या रेषेत जुना आंबा आला, तर कुऱ्हाड घालण्यापूर्वी गावातल्या एखाद्या म्हातारीला बोलवा आणि त्याचे नाव काय, एवढे विचारा. नाव कळले की त्याच्या कैरीचे काय होते तेही त्या सांगतील. मग कुंपण हातभर सरकवायला फारसा खर्च येत नाही.